हेरिंग गेली, टुरिस्ट आले, मधे नक्की काय झालं? ॲन्स्ट्रदर नावाच्या स्कॉटिश गावाची गोष्ट

एडिंबरोहून निघालं, फोर्थच्या खाडीवरचा पूल ओलांडला आणि समुद्र उजव्या हाताला ठेवत पूर्वेकडे जात राहिलं की तास-दीड तासात ॲन्स्ट्रदर येतं. नाव लिहायला लांबलचक, पण गावातले लोक 'एन्स्टर' म्हणतात आणि मोकळे होतात. वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडची बरीच खेडी याहून मोठी असतात. मी गेलो तेव्हा दुपारची ओहोटी होती, बंदरातलं पाणी निघून गेलेलं आणि सगळ्या होड्या चिखलात एका कुशीवर पडलेल्या, दुपारी जेवून आडवं झाल्यासारख्या. धक्क्यावरच्या प्रत्येक बाकावर माणसं, प्रत्येकाच्या मांडीवर पुठ्ठ्याचा डबा, डब्यात तळलेला हॅडॉक, म्हणजे इथला एक पांढरा मासा, आणि बटाट्याचे चिप्स, आणि डोक्यावर समुद्रपक्षी, ते इतके धीट की एका बाईच्या हातातला तुकडा माझ्या डोळ्यादेखत उचलून नेला. लोक डबा संपवतात, चिखलातल्या होड्यांचे फोटो काढतात, आइस्क्रीम घेतात आणि पुढच्या गावाला जातात.

आता हे दृश्य बघितलं की सरळसोट गोष्ट डोक्यात येते: इथे पूर्वी मासेमारी होती, मग समुद्रातले मासे संपले, मग टुरिझम आला. मलाही असंच वाटायचं. पण खोदत गेलं की कळतं की यातलं प्रत्येक वाक्य अर्धंच खरं आहे. स्कॉटलंडची मासेमारी संपलेली नाही, ती इथून उठून दुसरीकडे गेली. मासे गेले ते एकदा नाही, दोन वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांनी. आणि टुरिस्ट तर हेरिंग या माशाच्या भर दिवसांतही येत होते. मला यात सगळ्यात गंमत वाटते ती ही की ज्या ज्या गोष्टीचा आज लोक फोटो काढतात ती प्रत्येक गोष्ट मुळात एक अवजार होती. लाल कौलं, बाहेरून जिना असलेली घरं, बोळ, धक्का, सगळं. शोभेसाठी इथे कुणी काही बांधलं नव्हतं, परवडतही नव्हतं.

सुरुवात माशापासून करू. फाइफ परगण्याच्या या टोकाला ईस्ट न्यूक म्हणतात, न्यूक म्हणजे कोपरा, आणि या कोपऱ्यात क्रेल, ॲन्स्ट्रदर, पिटनवीम, सेंट मोनन्स अशी गावं माळेसारखी लागून आहेत, ॲन्स्ट्रदरला चिकटून सेलरडाइक आहे, तेच खरं कोळ्यांचं. फाइफ म्हणजे सोन्याची किनार लावलेली भिकाऱ्याची गोधडी असं एक स्कॉटिश राजा म्हणाला होता अशी आख्यायिका आहे, ती किनार म्हणजे ही बंदरं. आणि एकोणिसाव्या शतकात या किनारीचं सोनं म्हणजे हेरिंग. हेरिंग म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावणं सोपं आहे, कारण ती आपल्या तारलीच्याच कुळातली, तशीच चांदीसारखी, तशीच थव्याने फिरणारी आणि तशीच तेलकट. दिवसा खोल राहते, रात्री वर येते कारण तिचं खाणं, ते बारीक तरंगते जीव, रात्री वर येतात. म्हणून होड्या संध्याकाळी निघायच्या आणि मैलभराहून लांब जाळं पडद्यासारखं पाण्यात सोडून, मग त्या जाळ्यासकट वाऱ्या-प्रवाहाबरोबर नुसतं वाहत राहायच्या. मासा पडद्यात डोकं घालतो, कल्ल्यात दोरा अडकतो, ना पुढे ना मागे. लहान मासा भोकातून निसटतो. पहाटे सगळं जाळं हाताने ओढायचं.

खरी अडचण इथून पुढे. तेलकट मासा टिकत नाही. बोंबील किंवा जवळा उन्हात वाळवता येतो, कारण त्यात चरबी फार कमी, पण हेरिंग वाळत घातली तर तिचं तेल हवेने खवट होतं आणि शिवाय स्कॉटलंडात ऊन कुठून आणणार. मग उपाय काय तर हवा लागूच द्यायची नाही: आतडी काढायची, मीठ लावायचं, लाकडी पिंपात दाबून भरायची, सुटलेल्या खारट पाण्यात बुडवून ठेवायची आणि पिंप बंद. हे सगळं मासा पकडल्यापासून एका दिवसाच्या आत झालं पाहिजे. म्हणजे रात्री होडीत जेवढी घाई त्याच्या दुप्पट घाई सकाळी धक्क्यावर.

आणि धक्क्यावर बायका. तरुण पोरी बहुतेक, कुणी पंधरा-सोळाची सुद्धा. तिघींची एक टोळी, दोघी मासा कापणार आणि तिसरी, शक्यतो उंच असलेली, पिंप भरणार, कारण पिंपाच्या तळाचे थर लावायला कमरेतून पूर्ण वाकून आत जावं लागायचं. कापणारीच्या हातात बोटाएवढ्या पात्याची सुरी. मासा डाव्या हातात, घशाशी सुरी घालून एकच हिसका, आतडी बाहेर, मासा मापाप्रमाणे मागच्या टोपल्यात, बघायचं सुद्धा नाही, हाताला मापं पाठ. सरावाची बाई मिनिटाला पन्नास-साठ मासे करायची असं सांगतात, म्हणजे सेकंदाला एक. सुरी घसरली की बोट कापायचं आणि कापलेल्या बोटात दिवसभर मीठ, म्हणून सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे प्रत्येक बोटाला जुन्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळून दोऱ्याने बांधणं. तरी जखमा व्हायच्याच. मासा किनाऱ्याने सरकतो तशा या पोरीही सरकायच्या, उन्हाळ्यात पार उत्तरेला शेटलंड, मग स्कॉटलंडचा पूर्व किनारा, शरदात इंग्लंडमधलं यारमथ, प्रत्येकीची एक लाकडी पेटी बरोबर, आणि रिकामा हात दिसला की त्यात विणकामाच्या सुया. चालतानाही विणायच्या. म्युझियममध्ये या बायकांचे फोटो आहेत, त्यात त्या चक्क हसताना दिसतात, आणि ते हसू खोटं वाटत नाही. घरच्या शिस्तीतून सुटून मैत्रिणींबरोबर गावोगाव फिरणं आणि स्वतःचा पैसा हातात, त्या काळात हे कुणाला मिळत होतं. पण बोटांवरच्या पट्ट्या बघितल्या की त्या हसण्यावर फार भाबडेपणाने विश्वासही ठेवू नये असं वाटतं.

पिंप भरून झाल्यावर काही दिवसांनी मासे खाली बसायचे, मग वर आणखी मासे भरायचे आणि पुन्हा खारं पाणी. त्यानंतर सरकारी अधिकारी येऊन पिंप उघडून तपासायचा आणि पसंत पडलं तर लाकडावर मुकुटाचा छाप तापल्या लोखंडाने उठवायचा. हा छाप म्हणजे त्या काळचा आयएसआय मार्क समजा. त्यामुळे जर्मनीतला किंवा रशियातला व्यापारी पिंप न उघडता पैसे मोजायचा. १९०७ साली स्कॉटलंडने सुमारे २५ लाख पिंपं खारवून बाहेर पाठवली, बरीचशी जर्मनी, पूर्व युरोप आणि रशियाकडे. स्कॉटिश माणसाने पकडलेली मासळी मुख्यतः दुसऱ्यांच्या ताटात जात होती, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तीच नडणार आहे.

पण तोपर्यंत पैसा गावात कसा फिरत होता ते बघण्यासारखं आहे. होडीवर पगार नसायचा, वाटे असायचे: खर्च वजा जाता जे उरेल त्यात होडीचा वाटा, जाळ्यांचा वाटा, माणसांचा वाटा. जाळी अनेकदा खलाशांच्या घरची, घरातल्या बायकांनी दुरुस्त केलेली, म्हणून त्यांचाही हिस्सा. पिंप बनवणारे गावातले, शिडं शिवणारे गावातले, तेलकट कापडाचे डगले बनवणारे सेलरडाइकमधले, होड्या बांधणारे शेजारच्या सेंट मोनन्सचे, तिथला एक कारखाना तर १७४७ पासूनचा. एक मासा धक्क्यावर उतरला की त्याचा रुपया चार-पाच उंबरे फिरूनच गावाबाहेर जायचा.

घरंही याच हिशोबाने. तळमजला माणसांसाठी नाहीच, तिथे जाळी, दोर, मिठाची पिंपं, म्हणून वर राहायला जायचा जिना बाहेरून, दगडी, भिंतीला चिकटून. छपराखालचा माळा जाळी दुरुस्त करायला, म्हणून त्याला खिडकी किंवा माल वर ओढायचं दार. लाल कौलं म्हणे हॉलंडकडून परत येणाऱ्या रिकाम्या जहाजांत वजनासाठी टाकून आणलेली, इथून कोळसा-मीठ जायचं, येताना जहाज हलकं नको. घरं एकमेकांना खेटून आणि बोळ अरुंद, कारण एकतर वारा आणि दुसरं म्हणजे प्रत्येकाला बंदराजवळच राहायचं होतं. आज जाहिरातीत ज्याला 'स्वप्नातलं कोळ्याचं घर' वगैरे म्हणतात ते म्हणजे खाली गोदाम, वर बिऱ्हाड आणि माथ्यावर वर्कशॉप, शिवाय सगळ्याला मासळीचा वास. त्या घरातून होडीवर जाताना डुक्कर हा शब्द उच्चारायचा नाही, पाद्री भेटला तर अपशकुन, सामन माशाचं नाव घ्यायचं नाही, चुकून घेतलंच तर पटकन लोखंडाला हात लावायचा. समुद्र ज्याच्या हातात नाही तो माणूस असल्याच गोष्टी हातात धरतो, कुठलाही देश असो.

आता पडझड. पहिला घाव समुद्रातून आला नाही, बाजारातून आला. १९१४ ला युद्ध पेटलं, जर्मनी शत्रू झाला आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं. होड्या आणि माणसं नौदलाने सुरुंग काढायला नेली. युद्ध संपलं तर रशियात क्रांती झालेली, जर्मनीच्या चलनाची पार धूळधाण. मासा होता, होड्या होत्या, पोरींच्या सुऱ्या होत्या, फक्त घेणारा नव्हता. घरच्या बाजाराकडे वळावं तर ब्रिटिश माणसाला खारवलेली हेरिंग फारशी आवडायचीच नाही, तो धुरी दिलेली खायचा नाहीतर तळलेला पांढरा मासा. एकाच मालावर आणि दोन-तीन गिऱ्हाइकांवर उभा राहिलेला धंदा कसा बसतो याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळेल.

दुसरा घाव मात्र समुद्रातला. फोर्थच्या तोंडाशी हिवाळ्यात अंडी घालायला हेरिंग यायची, जानेवारी ते मार्च, दारातच, आणि ॲन्स्ट्रदरची खरी भिस्त तिच्यावर होती. हेरिंगची एक खोड अशी की ती अंडी पाण्यात सोडून देत नाही, तळावरच्या खडीला चिकटवते, म्हणजे तिला ठरावीक जागा लागते आणि वेगवेगळ्या थव्यांच्या जागा वेगवेगळ्या. १९४० च्या दशकात ही हिवाळी हेरिंग यायचीच थांबली. बाहेर अख्ख्या नॉर्थ सीमध्ये हेरिंग होती पण एन्स्टरच्या दारातली गेली, आणि लहान गावाला दारातलीच लागते.

मग बाहेरचीही गेली, आणि ती कशी गेली हे जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे कारण आपल्याकडे पर्ससीनवरून जी भांडणं होतात त्यांचं मूळ इथेच आहे. साठच्या दशकात सोनार आला, म्हणजे आवाजाच्या लाटा पाण्यात सोडून थवा कुठे आहे ते बोटीवर बसून दिसायला लागलं, आणि पर्ससीन जाळं आलं, जे अख्ख्या थव्याभोवती गोल फिरवून खालून बटव्याच्या नाडीसारखं ओढून घेतात. नॉर्वे, डेन्मार्क, ब्रिटन, सगळेच यात होते, आणि बराचसा मासा माणसाने खाल्ला सुद्धा नाही, फिशमील आणि तेलासाठी गेला, कोंबड्या-डुकरांना घालायला. आता प्रश्न असा की मासे कमी होत होते तर कोळ्यांना कळलं कसं नाही? कारण हेरिंग थव्याने राहते. समजा शंभर थवे होते आणि ऐंशी संपले, तरी उरलेल्या वीस थव्यांतला प्रत्येक थवा पूर्वीइतकाच दाट असतो, मासे विखरून पातळ होत नाहीत. सोनारवाल्या बोटीला एक थवा सापडला की जाळं पूर्वीसारखंच फुटेपर्यंत भरतं. म्हणजे धक्क्यावर उतरणारा माल बघून समुद्र भरलेला वाटतो, अगदी शेवटच्या काही थव्यांपर्यंत, आणि मग एका वर्षी अचानक काहीच नाही. बँकेत शिल्लक किती हे न बघता एटीएममधून रोज तेवढीच रक्कम येतेय म्हणून खूष राहण्यातला प्रकार. १९७७ मध्ये नॉर्थ सीमधली हेरिंगची मासेमारी बंदच करावी लागली आणि पूर्ण उघडायला साधारण १९८३ उजाडलं. मासा बऱ्यापैकी सावरला, म्हणजे बंदी काम करते, पण तेवढ्या वर्षांत एका पिढीची जिभेची सवय गेली, आणि ती परत आणायला कुठलाही कायदा उपयोगाचा नाही.

मग आज स्कॉटलंडमध्ये मासे पकडतं कोण? भरपूर पकडतात, पण ॲन्स्ट्रदरमध्ये नाही. इथे तो चिखल आठवा. ओहोटीला बंदर कोरडं पडतं, म्हणजे होडीला आत-बाहेर करायला भरतीची वाट बघायची. छोट्या शिडाच्या होडीला ते चालायचं. आजच्या मोठ्या बोटीला खोल पाणी लागतं, बर्फ लागतो, लिलावाचा हॉल, कोल्ड स्टोरेज, ट्रक, आणि हे सगळं उत्तरेला पीटरहेड आणि फ्रेझरबर्गला आहे. त्यात कोटा पद्धत. दरवर्षी कुठला मासा किती टन काढायचा याचा आकडा शास्त्रज्ञांच्या सल्ल्याने आणि देशांच्या घासाघिशीतून ठरतो, तो देशात वाटला जातो, मग बोटींत, आणि बोटींना मिळालेला हा हक्क विकता किंवा भाड्याने देता येतो. जे विकता येतं ते हळूहळू ज्याच्याकडे जास्त पैसा त्याच्याकडे साठतं, यात नवल काही नाही. स्कॉटलंडची हेरिंग आणि मॅकरेल, म्हणजे बांगड्याच्या कुळातला मासा, पकडणाऱ्या मोठ्या बोटी आज विसेकच आहेत, एकेक साठ-सत्तर मीटर लांब, आणि ज्या कामाला पूर्वी अख्ख्या किनाऱ्यावरची गावं लागायची ते काम त्या वीस बोटी करतात. पर्यावरणाच्या बाजूने बघितलं तर कोट्याने मासा वाचवला. गावाच्या बाजूने बघितलं तर कोट्याने गाव वाचवलं नाही, आणि ते त्याचं काम होतं असंही कुणी म्हटलं नव्हतं.

ईस्ट न्यूकमध्ये उरलं ते शेजारच्या पिटनवीमला. तिथे अजून कामाचं बंदर आहे, छोट्या बोटी पिंजरे लावून शेवंड आणि खेकडे पकडतात, काही लँगोस्टीन, म्हणजे शेवंडाच्या कुळातला छोटा, कोळंबीसारखा दिसणारा जीव, काढतात, आणि पुन्हा तीच जुनी कहाणी, यातला चांगला माल स्पेन-फ्रान्सला जातो. धक्क्यावर पिंजऱ्यांच्या निळ्या-हिरव्या दोऱ्यांचे ढीग असतात आणि लोक त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढतात, मधून कुणी पिंजरा उचलायला आला की हळूच बाजूला होतात. ॲन्स्ट्रदरमध्ये आज हॅडॉकचे ढीग उतरत नाहीत, तरी तिथल्या एका दुकानाला २००८-०९ मध्ये अख्ख्या ब्रिटनमधलं सर्वोत्तम फिश अँड चिप्सचं बक्षीस मिळालं. लोक समुद्राकडे तोंड करून खातात आणि मासा समोरूनच आला असं गृहीत धरतात. चव मात्र खरंच चांगली आहे, त्यात खोटं बोलणार नाही. आणि एक, स्कॉटलंडात मासा मागितला की हॅडॉक येतो, कॉड ही इंग्लंडची आवड, यावर दोन्हीकडचे लोक तासभर वाद घालू शकतात.

टुरिस्ट कधीपासून? रेल्वेपासून. जी गाडी ताजी मासळी शहराकडे न्यायची त्याच रुळांवरून ग्लासगोचे कामगार-कारकून जुलैच्या सुट्टीत सहकुटुंब इथे यायचे आणि कोळ्यांच्याच घरात खोली घ्यायचे. घरवाले पंधरा दिवस मागच्या खोलीत किंवा माळ्यावर कोंबून राहायचे, चार पैसे सुटायचे. म्हणजे घर भाड्याने देणं हे काही अलीकडच्या ॲपवाल्यांनी शोधलेलं नाही, फरक एवढाच की तेव्हा मालक त्याच छपराखाली असायचा. मग तोट्यातल्या लाइनी बंद करण्याचं धोरण आलं आणि सप्टेंबर १९६५ मध्ये ॲन्स्ट्रदरचं स्टेशन बंद झालं. हेरिंग नाही आणि रेल्वे पण नाही, हा या गावाचा सगळ्यात पडेल काळ असणार. गंमत म्हणजे किनाऱ्याने पश्चिमेला असलेल्या लेव्हनपर्यंतची रेल्वे जून २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, तब्बल पंचावन्न वर्षांनी, तिथून पुढे एन्स्टरला अजून बसच.

पण त्याच पडत्या काळात, १९६९ साली, बंदरासमोरच्या जुन्या इमारतींत स्कॉटिश फिशरीज म्युझियम उघडलं, आणि मला वाटतं गाव वळलं ते इथे. धंदा अजून पुरता मेलेलाही नव्हता आणि लोकांनी त्याच्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली, सुऱ्या, टोपल्या, पेट्या, इंजिनं, आणि १९७५ मध्ये तर एक अख्खी होडी, रीपर नावाची, १९०२ मध्ये बांधलेली, एकवीस मीटर लांब, दोन डोलकाठ्यांची. एकेकाळी तिने शेटलंडमध्ये एका फेरीत जवळजवळ अडीच लाख हेरिंग आणल्या होत्या असा तिचा विक्रम सांगतात, आणि पुढे अनेक वर्षं ती तिकडच्या बेटांना पाणी-सामान पोचवायची हमाली करत होती. जुनी होडी सांभाळणं हे हत्ती पाळण्यासारखं, फळ्या कुजतात, पुन्हा घालाव्या लागतात, म्हणजे लाकूडकाम करणारी माणसं लागतात, म्हणजे एक जुनं कसब त्या निमित्ताने जिवंत राहतं. पुढे किनाऱ्याने चालायची वाट झाली, ११७ मैलांची, पिटनवीममध्ये १९८२ पासून ऑगस्टमध्ये कलाकार आपापल्या घरात चित्रं मांडू लागले, आणि सेंट अँड्रूजला गोल्फसाठी आलेली माणसं पंधरा किलोमीटर खाली जेवायला येऊ लागली.

आणि मग समोरचं बेट, आयल ऑफ मे. स्कॉटलंडचं पहिलं दीपगृह इथलं, १६३६ सालचं, वर लोखंडी टोपलीत कोळसा जाळायचे. आता बेट पक्ष्यांसाठी राखीव आहे. एप्रिल ते सप्टेंबर ॲन्स्ट्रदरच्या धक्क्यावरून बोट जाते, भरती-ओहोटी बघून रोजची वेळ बदलते, चिखल इथेही आपला वाटा घेतोच. लोक जातात पफिन बघायला, काळापांढरा, नारिंगी चोचीचा, जमिनीत बीळ करून राहणारा पक्षी, हजारोंनी असतात आणि जुलै संपता संपता समुद्रावर निघून जातात, त्यामुळे ऑगस्टात तिकीट काढणाऱ्यांची जरा फजिती होते. पफिनच्या चोचीत आडव्या लटकलेल्या ज्या चंदेरी काड्या फोटोत दिसतात ते सँडईल, वाळूत घुसून राहणारे करंगळीएवढे मासे. हेच मासे पिलांचं मुख्य अन्न आणि हेच मासे डॅनिश बोटी टनावारी फिशमीलसाठी काढायच्या. २००० साली या भागातली सँडईलची मासेमारी थांबवली आणि मार्च २०२४ मध्ये स्कॉटलंडने आपल्या संपूर्ण पाण्यात ती बंद केली, त्यावरून युरोपियन युनियनशी भांडण लवादापर्यंत गेलं. म्हणजे हिशोब बघा. शंभर वर्षांपूर्वी या गावाचं पोट समुद्रातून मासा बाहेर काढण्यावर होतं. आज त्याच धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीचं तिकीट विकलं जातं ते एक मासा समुद्रात राहू दिलाय म्हणून.

एवढं सगळं चांगलं आहे तर दुखतं कुठे? घरांत दुखतं. सुट्टीतलं घर म्हणून एडिंबरोचा किंवा लंडनचा माणूस जी किंमत सहज देऊ शकतो ती इथल्या शाळेतल्या शिक्षकाला किंवा पिंजरेवाल्या पोराला झेपत नाही. मासळीचा रुपया कसा चार उंबरे फिरायचा ते वर सांगितलं, पर्यटनाचा रुपया तसा फिरतोच असं नाही: कॅफेवाला गावातला असेल तर फिरतो, सफाईवालीपर्यंत थोडा पोचतो, पण घराचं आठवड्याचं भाडं, जी सगळ्यात मोठी रक्कम, ती मालक जिथे राहतो तिथल्या बँकेत जाते. जाळ्यांचा माळा आता 'समुद्र दिसणारी बेडरूम' झालाय. सरकारने हातपाय मारलेत, २०२२ मध्ये थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने देणाऱ्यांना लायसन्स सक्तीचं केलं, आधीपासून देणाऱ्यांना अर्जासाठी १ ऑक्टोबर २०२३ ची मुदत दिली, आणि एप्रिल २०२४ पासून दुसऱ्या घरावर दुप्पट कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथली घरपट्टी, लावायची मुभा स्थानिक कौन्सिलांना मिळाली. माझं मत विचाराल तर ज्याला दुसरं घर परवडतं त्याला दुप्पट टॅक्सही बऱ्याचदा परवडतो. दुसऱ्या बाजूने, सगळी सुट्टीची घरं उद्या बंद केली तर कॅफेवाले, बोटवाले आणि चिप्सवाले म्हणतील आता आम्ही काय करू, आणि तेही चूक नाहीत.

संध्याकाळी मी चालत सेलरडाइकला गेलो. एकच लांबलचक अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना खेटलेली घरं, दारांवर होड्यांची नावं, आणि अधूनमधून दाराच्या चौकटीशी एक छोटी करडी पेटी, आकडे फिरवून उघडायची, आत पाहुण्यांसाठी किल्ली. सहज मोजायला लागलो, मग नऊवर सोडून दिलं. रस्ता संपतो तिथे छोटं बंदर आहे आणि धक्क्यावर पूर्वापार कपडे वाळत घालायच्या काठ्या उभ्या आहेत. एक बाई दोरीवरचं काढत होती. म्हटलं चला, कुणीतरी घरचं दिसलं. पांढऱ्या चादरी होत्या, चौदा-पंधरा, सगळ्या एकाच मापाच्या, आणि ती त्या जोडीजोडीने घड्या करून नंबर लिहिलेल्या पिशव्यांत भरत होती.